जुन्या एसयूव्हीमागे कार बांधून डोंगर ओलांडायचाय? निघण्याआधी गाडीची ही तयारी कराच!

मंडळी, अशी कल्पना करा. अमेरिकेत डेन्व्हरला राहणाऱ्या तुमच्या भावाला सॉल्ट लेक सिटीमध्ये नवी नोकरी लागली. घरात दोन गाड्या आहेत: एक वीस वर्षांची दणकट एसयूव्ही आणि एक छोटी कार. दोन ड्रायव्हर नाहीत, गाडी वाहून नेणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा परवडत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "अरे, ट्रेलर भाड्याने घे, कार त्यावर चढव आणि एसयूव्हीमागे लावून ओढत ने. व्ही-८ इंजिन आहे, काय होतंय!"

काय होऊ शकतं, हेच आज आपण बघणार आहोत. मध्ये रॉकी पर्वत आहे. तिथे जुनी गाडी बंद पडली तर ते नशीब चांगलं म्हणायचं, कारण त्याहून वाईट म्हणजे उतारावर ब्रेक न लागणं. पण तयारी नीट केली तर हेच काम हजारो लोक दरवर्षी सुखरूप पार पाडतात. तर मग चला, एकेक गोष्ट समजून घेऊ.

सगळ्यात आधी वजनाचा हिशोब

गाडी किती वजन ओढू शकते याचा आकडा कंपनी मॅन्युअलमध्ये देते. उदाहरण घेऊ टोयोटा लँड क्रूझर १०० मालिकेचं. ही गाडी १९९८ ते २००७ या काळात अमेरिकेत विकली गेली आणि तिची ओढण्याची क्षमता आहे ६,५०० पौंड, म्हणजे सुमारे २,९५० किलो.

आता मागे काय लागणार? चारही चाकं वर घेणारा कार-ट्रेलर रिकामा असतानाच साधारण २,२०० पौंडांचा (१,००० किलो) असतो. लोक नेमकं हेच वजन विसरतात! त्यावर कॅमरीसारखी ३,३०० पौंडांची कार चढवली की झाले ५,५०० पौंड. म्हणजे क्षमतेच्या ८५ टक्के. तिथेच २,८०० पौंडांची कोरोला असेल तर ५,००० पौंड, म्हणजे ७७ टक्के.

कागदावर दोन्ही बसतात. पण जुन्या गाडीसाठी अनुभवी लोक एक ढोबळ नियम पाळतात: डोंगरात जायचं असेल तर क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहा. त्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे तो आकडा नव्या गाडीचा आहे. वीस वर्षांत इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स, स्प्रिंग सगळंच झिजलेलं असतं.

दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. पूर्वी प्रत्येक कंपनी ही क्षमता आपापल्या पद्धतीने ठरवायची. पुढे अमेरिकेतल्या 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेने 'जे२८०७' नावाची एकच कसोटी आणली आणि २०११ च्या मॉडेलपासून टोयोटाने ती सर्वांत आधी स्वीकारली. या कसोटीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढाचा आधार घेतला आहे. बाहेर १०० अंश फॅरनहाइट म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअस ऊन, एसी पूर्ण सुरू आणि मागे पूर्ण वजन, अशा परिस्थितीत गाडीने ठरावीक वेग राखून चढ पार करायचा. तुमची गाडी त्याआधीची असेल, तर तिचा आकडा अशा परीक्षेतून आलेला नाही हे लक्षात ठेवा.

मागचा हुक किती दाबला जातोय?

ट्रेलर गाडीला ज्या गोळ्यावर जोडला जातो, तिथे खाली दाबणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवं. आपल्या ५,५०० पौंडांच्या उदाहरणात ते ५५० ते ८२५ पौंड होतं.

हे वजन एसयूव्हीच्या पाठीवर बसतं, म्हणजे ते तुमच्या प्रवाशांच्या आणि सामानाच्या हिश्श्यातून जातं. समजा गाडीत १,३०० पौंड ठेवता येतात. त्यातले ६०० हुकवर गेले, चार माणसांचे ६०० झाले, उरले फक्त १००. आता सांगा, घरातली भांडीकुंडी आणि पुस्तकांची खोकी कुठे ठेवणार? उत्तर सोपं आहे: ती कुरिअरने पाठवा. ओढल्या जाणाऱ्या कारमध्येही ती भरू नका, कारण वजन तिथेही मोजलं जातंच.

हा दाब कमी पडला तर आणखी मोठं संकट येतं. ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डुलायला लागतो आणि वेग वाढला की अख्खी एसयूव्ही फिरवून टाकू शकतो. म्हणून कार ट्रेलरवर नेहमी पुढे तोंड करून चढवायची. बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे जड बाजू हुककडे येते. उलटी चढवली तर जड बाजू मागे जाते आणि डुलणं सुरू होतं.

सगळा अंदाज खरा आहे का, हे बघायचा एकच मार्ग म्हणजे वजनकाटा. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर काटे असतात. त्यावर एसयूव्हीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. आपल्याकडे वाळूचा ट्रक काट्यावर नेतात, तसंच. दहा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

गाडी तापू नये म्हणून

चढावर इंजिन पूर्ण ताकदीने चालतं, पण वेग कमी असल्यामुळे समोरून हवा कमी लागते. त्यात उंचीचा फटका असतोच. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० फुटांमागे साधारण ३ टक्के घटते. म्हणजे ११,००० फुटांवर तुमच्या व्ही-८ ची जवळपास एक तृतीयांश ताकद गायब!

तिथे हवेचा दाबही कमी असतो. ११,००० फुटांवर उघड्या भांड्यातलं पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं. तुमच्या रेडिएटरमधलं कूलंट उकळत नाही, कारण झाकण आतमध्ये दाब धरून ठेवतं. हे काही डॉलरचं झाकण सैल झालं की सगळा खेळ संपला. म्हणून निघण्याआधी हे करून घ्या:

- रेडिएटरचं झाकण नवीन बसवा.
- कूलंट जुनं असेल तर काढून नवीन भरा, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं.
- रबरी पाइप दाबून बघा. फुगलेले, चिरा पडलेले किंवा मऊ पडलेले असतील तर बदला. पट्टाही बघून घ्या.
- थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप किती जुने आहेत याचा हिशोब काढा. जुन्या गाडीत पंपाखाली ओल दिसली तर निघूच नका.
- इंजिनावर चालणारा पंखा असेल तर त्याचा क्लच तपासा. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने ढकलला आणि तो भिंगरीसारखा फिरत राहिला, तर क्लच गेला. हात घालण्याआधी किल्ली काढून ठेवा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर हा प्रयोग करू नका, तो आपोआप सुरू होऊ शकतो.
- रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ पाण्याने धुऊन काढा.

गिअरबॉक्स: न दिसणारा बळी

इंजिन तापलं की काटा वर जातो, आपल्याला कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापला तर बहुतेक जुन्या गाड्यांत काहीच दिसत नाही. तो गुपचूप जळत राहतो आणि दोनेक महिन्यांनी मोठं बिल येतं.

गिअरबॉक्सचं तेल तपासा. ते लालसर आणि स्वच्छ हवं. काळपट असेल, जळका वास येत असेल तर आधी चांगल्या मेकॅनिकला दाखवा. तेल व्यवस्थित असलं तरी शेवटी कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलून घ्या. शक्य असेल तर वेगळा ऑइल कूलर बसवा. रेडिएटरच्या पुढे बसणारी ही छोटी जाळी ओढण्याच्या कामात फार उपयोगी पडते.

काही जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पोटातूनच थंड होतं. आतली भिंत गंजली तर कूलंट आणि तेल एकत्र होऊन गुलाबी फेसाळ द्रव तयार होतो. अमेरिकन मेकॅनिक त्याला चक्क 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' म्हणतात. नाव गोड असलं तरी तो गिअरबॉक्सच्या मुळावर येतो. रेडिएटर मूळचाच आणि खूप जुना असेल तर अशा प्रवासाआधी तो बदलणं स्वस्त पडतं.

एक छोटी युक्ती: अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व कारमध्ये स्टीअरिंगखाली ओबीडी-२ सॉकेट असतं. त्यात एक स्वस्त उपकरण लावलं की मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं, आणि अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचंही. गिअरबॉक्स १२० अंश सेल्सिअसच्या वर जायला लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा.

चढापेक्षा उतार जास्त धोक्याचा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर-जॉन्सन बोगद्यातून जातो. १९७३ साली त्याचा पहिला भाग सुरू झाला आणि १९७९ साली दुसरा. बोगद्याची उंची कमाल ११,१५८ फूट. बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटरमध्ये २,१०० फूट, म्हणजे ६४० मीटर उतरायचं.

एसयूव्ही, माणसं, ट्रेलर आणि कार मिळून ५,३०० किलो धरू. एवढं वजन ६४० मीटर खाली आणताना सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात २० अंशांचं शंभरएक लिटर पाणी उकळेल! थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली तुम्ही फक्त ब्रेक दाबून थोपवायला गेलात तर ती सगळी चार डिस्कांमध्ये उष्णता बनून जमा होते.

इथे ब्रेक ऑइलचा संबंध येतो. हे तेल हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट-३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत घसरतो. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. ब्रेक असतात, पण लागत नाहीत.

म्हणून ब्रेक ऑइल नवीन भरा, पॅड आणि डिस्क बघून घ्या, आणि ब्रेकच्या नळ्या जुन्या असतील तर बदला. यात काटकसर नको.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. भाड्याच्या कार-ट्रेलरमध्ये बहुधा 'सर्ज ब्रेक' असतात. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या धक्क्यानेच त्याचे ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर असेल तर एसयूव्हीत कंट्रोलर आणि ७ पिनांचं सॉकेट लागतं. सर्ज ब्रेकची एक खोड आहे: लांब उतारावर तुम्ही इंजिनाने वेग रोखलात तरी ट्रेलर मागून ढकलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक हलकेच लागून तापू शकतात. उतार संपल्यावर थांबा आणि चाकाजवळ नुसता हात न्या, लावू नका. जळका वास किंवा एका बाजूला जास्त धग जाणवली तर थंड होऊ द्या.

टायर, हुक आणि साखळ्या

टायरच्या बाजूवर 'डॉट' ने सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसत असली तरी दहा वर्षं झालेला टायर या प्रवासाला नको. स्टेपनीचीही तारीख बघा, ती नेहमी विसरली जाते. हवा थंड टायरमध्ये भरा, ओढताना किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये बघा. ट्रेलरच्या टायरवर वेगमर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा.

हुकची चौकट गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने बसवलेली असते, तिथे खाली वाकून बघा. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाड्या खालून गंजलेल्या असतात. पापुद्रे सुटत असतील तर विषय तिथेच संपवा. गोळ्याचा आकार ट्रेलरला जुळायला हवा, आणि गोळा, दांडा, चौकट या तिन्हींवर लिहिलेल्या क्षमतांपैकी सगळ्यात लहान आकडा तुमची खरी मर्यादा.

सुरक्षा साखळ्या जोडाखालून एकमेकींना छेदून लावायच्या. हुक सुटलाच तर ट्रेलरचं नाक जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं. दिवे आणि इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासा. पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून कारचे पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात.

चार चाकं वर की दोन?

फक्त पुढची दोन चाकं उचलणारी 'डॉली' हलकी आणि स्वस्त असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारसाठी ती चालते. पण कार ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर घ्या, नाहीतर तिचा गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअल खराब होऊ शकतं. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक कार ओढणं तर बहुतेक मॉडेल्सना मानवतच नाही. कारचं मॅन्युअल काय सांगतं ते आधी वाचा.

रस्ता निवडा, मग घाट

डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी दोन मार्गांनी जाता येतं आणि दोन्ही साधारण सव्वापाचशे मैलांच्या आसपासच आहेत. एक आय-७० चा, सुंदर पण खडतर: आधी ११,१५८ फुटांचा बोगदा, मग १०,६६२ फुटांची व्हेल खिंड, दोन्हीकडे ७ टक्क्यांपर्यंतचे उतार. दुसरा वायोमिंगमधून आय-८० चा. त्याचा सर्वोच्च बिंदू ८,६४० फूट आणि चढ सौम्य. मात्र तिथला आडवा वारा प्रसिद्ध आहे, त्यामुळे सुटण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघायचा. शेवटी शहराजवळ पार्लीज समिटचा तीव्र उतारही आहेच.

जुनी गाडी आणि मागे ट्रेलर असेल तर आय-८०, शांत हवेचा दिवस आणि पहाटेची वेळ निवडा. हिवाळ्यात शक्यतो जाऊच नका.

घाटात हे लक्षात ठेवा:

- ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा किंवा 'टो' मोड लावा. चढावर उजव्या लेनमधून सावकाश चला.
- काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू. घाम येईल, पण इंजिन वाचेल.
- उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.
- ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. काही सेकंद घट्ट दाबा, वेग दहाएक किलोमीटरने उतरवा आणि सोडा. डिस्कला श्वास घेऊ द्या.
- ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा. घाबरून करकचून ब्रेक दाबू नका.
- ब्रेक गेलेच तर बाजूच्या खडीच्या आपत्कालीन रॅम्पमध्ये गाडी घाला. ट्रकसाठी असला तरी तो तुमचाही जीव वाचवेल. गाडी खराब झाली तर होऊ दे.

भारतात असं करता येईल का?

वाचून कुणी बोलेरोला दोर बांधून कसारा घाट चढायला निघेल, म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय इंजिन बंद असलेल्या कारला ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत मिळत नाही. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला फ्लॅटबेड हाच शहाणपणाचा मार्ग.

आणि 'नाही' म्हणायची वेळ कधी?

गंजलेला सांगाडा, जळका वास येणारा गिअरबॉक्स, आधीच तापणारं इंजिन किंवा काट्यावर मर्यादेबाहेर गेलेलं वजन, यातलं एक जरी असलं तरी बेत रद्द करा. या सगळ्या दुरुस्त्यांचा खर्च कागदावर मांडा आणि कार वाहून नेणाऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. अनेकदा तो आधी महाग वाटलेला पर्यायच स्वस्त निघतो. कार विकून तिकडे दुसरी घेणं हाही पर्याय आहेच.

आणि सगळं व्यवस्थित निघालं तर? मग बिनधास्त निघा, फक्त सावकाश. डोंगर कुठेही पळून जात नाही.

तर मंडळी, तुमचे कुणी नातेवाईक अमेरिकेत घर हलवण्याच्या तयारीत असतील तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि तुम्ही स्वतः कधी अशी गाडी ओढत घाट पार केला असेल, तर तो अनुभव आम्हाला कमेंटमध्ये जरूर सांगा!